पालकाला लवकर दांडा : टॉनिक नको, बी सुधारा

प्रश्न : पालकाचे घरचेच बी चार वर्षे वापरतो. पाने बारीक झाली, तिसऱ्या कापणीआधीच झाडे फुलोऱ्यावर येतात. दुकानदार जिब्रेलिक ॲसिड (वाढीच्या संप्रेरकाचे टॉनिक) फवारा, युरिया दुप्पट टाका म्हणतो. काय करावे? हे बी शेजाऱ्यांना दिले तर चालते का?

उत्तर : जिब्रेलिक ॲसिड फवारू नका. त्याने फुलांचा दांडा सुटायला जोर येतो. म्हणजे जी तक्रार, तीच पैसे देऊन वाढवायची!

आधी वाफा पाहा. सगळा पालक एकदम फुलोऱ्यावर आला असेल तर पेरणीची वेळ चुकली. थंडी खाऊन दिवस मोठे होऊ लागले की पालक दांडा काढतोच. पण एकाच दिवशी पेरलेल्या वाफ्यात काही झाडे दांड्यावर आणि बाकीची पानांत असतील, तर फरक बियाण्यातला. तो बहुधा आपणच केलेला असतो. चांगली झाडे कापून विकायची आणि आधी फुलल्याने कापण्याजोग्या न राहिलेल्या झाडांचे बी धरायचे. चार पिढ्या लवकर फुलणारीच झाडे निवडली गेली.

आता उलट करा. बियाण्यासाठी वेगळा वाफा ठेवा, एकच कापणी घ्या. आधी दांडा काढणारी झाडे फुले उमलण्यापूर्वी उपटा. पराग वाऱ्यावर जातो, नुसते बी न धरून भागत नाही. लाल देठाचीही उपटा, तो बहुधा बीटशी झालेला संकर. पाने जास्त, रुंद आणि कापणीनंतर लवकर फुटणारी झाडे ठेवा. कडेचे झाड मोकळ्या जागेमुळे फोफावते, त्याला भुलू नका. चार-पाच झाडांवर भागवू नका, वाण खंगतो. शंभरेक तरी हवीत.

युरिया दुप्पट? मुळीच नाही. पाने लुसलुशीत होतात, ठिपके पडतात, पानांत नायट्रेट साठते. शिवाय सगळीच झाडे हिरवीगार दिसली की निवड कशी करणार? शिफारशीचा नत्र कापणीनंतर विभागून द्या, कापणीच्या तोंडावर नको. दुकानदाराला तुमच्या वाफ्यातली लवकर फुलणारी झाडे दिसत नाहीत, त्याला बाटली खपवायची असते.

नवे बी घ्यायचे तर ऑल ग्रीन किंवा पुसा ज्योतीचे प्रमाणित बी घ्या, पण दोन्ही शेजारी फुलू देऊ नका. पुसा ज्योती गुणसूत्रे दुप्पट केलेला वाण आहे, मिसळ झाली की पुढच्या पिढीत बीच नीट भरत नाही.

बियाण्याच्या अनुदानाचे महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर पाहा. घरचे बी ठेवायला, द्यायला २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याची मुभा आहे. फक्त संरक्षित (या कायद्याखाली नोंदवलेल्या) वाणाचे बी ब्रँड लावून विकू नका.