खेड्यातली जुनी मिशन हॉस्पिटलं वारसा म्हणून जपण्यासारखी आहेत का? नाशिककडे काही उरलंय का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, ते लवकर आटपतं. नाशकात रोज कितीतरी लोक 'कॅनडा कॉर्नर'ची रिक्षा करतात. त्या चौकाचा कॅनडाशी काय संबंध, हे रिक्षावाल्याला विचारून बघा. नाशकात झनाना मिशनचं बायकांसाठी कॅनडा हॉस्पिटल होतं, त्यावरून हे नाव पडलं असं जुने नाशिककर सांगतात. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली वस्ती. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं नाशिकच्या मिशनात शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट १८७४ साली आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबर लंडनपर्यंत गेला. आज शरणपूर रोडला लोक खरेदीला जातात.

आता पहिला प्रश्न. जपावीत. पण काय जपायचं यावर माझं आमच्या दाजींशी वीस वर्षांपासून भांडण आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

माझे वडील निफाडच्या पलीकडे एका गावातल्या मिशन हॉस्पिटलात ३१ वर्षं कंपाउंडर होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकला पायी जायचे आणि डॉक्टरीणबाईंनी ती रजा कधी अडवली नाही. पेशंट बाटली घरून आणायचे, ती रॉकेलची की दारूची हे वडील वासावरून सांगायचे. सोड्याच्या पाण्याने धुऊन तीत मिक्स्चर भरायचं, मग कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती खळीने बाटलीला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही दुसरं काही सांगावं लागत नसे. सुट्टीत पट्ट्या कापायचं काम माझ्याकडे असे. खाच वाकडी गेली की टपली बसायची.

ताईचा साखरपुडा झाल्यावर दाजी पहिल्यांदा जेवायला आले आणि वडिलांच्या समोर म्हणाले, "मिशनवाल्यांनी औषधाच्या बाटलीतून धर्म पाजला." वडील म्हणाले, "जावईबापू, वरण घ्या."

तर दाजी, ऐका. ओपीडीआधी प्रार्थना व्हायची, व्हरांड्यात बायबलातली गोष्ट सांगितली जायची. लोक ऐकायचे आणि नंबर आला की उठून जायचे. धर्मप्रसाराचा हेतूच नव्हता असं सांगणारा माणूस थापा मारतोय. पण रात्री दोन वाजता अडलेली बाई बैलगाडीतून आली, तर पंचक्रोशीत दुसरा कंदील कुठे लागलेला होता, तेवढं सांगा.

हॉस्पिटल बंद पडल्यावर वडिलांच्या नोकरीचा दाखला आणायला गेलो. ऑफिसातले गृहस्थ म्हणाले, "जुनं सगळं काढून टाकलं." ते रद्दीवाल्याकडे निघालं. बरंचसं पुढे गेलेलं, तराजूशेजारी बाळंतपणाचं एकच रजिस्टर पडलेलं होतं, कापडी पाठीचं. भाव आठ रुपये किलो. मी शंभराची नोट दिली तर तो माझ्याकडे बघतच राहिला. नाव, गाव, कितवी खेप, मुलगा की मुलगी, फी. फीच्या रकान्यात वडिलांचं अक्षर: '२ रु.', 'माफ', 'माफ', एके ठिकाणी 'शेंगा १ पायली'. वडिलांनी चष्मा मागितला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही चांदोरीची. पायाळू होतं पोर." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक असतं. मिशनरी डॉ. वानलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं, फिलाडेल्फियाच्या कॉन्व्हर्स यांनी पैसा दिला. पुढे १९६२ साली तिथे मेडिकल कॉलेज निघालं तेही या हॉस्पिटलाच्या आधारावर. वानलेसवाडी हे नावही राहिलं. ते मोठेच होते. पण ज्या सिस्टर आणि आया रात्रपाळ्या करत होत्या, त्यांची नावं फक्त असल्या रजिस्टरांत सापडतात आणि ती आपण किलोवर विकतो.

इमारतीचंही थोडं. उंच छत, काळ्या दगडाच्या जाड भिंती, खोल व्हरांडा, वर झरोके, हे शोभेसाठी नव्हतं. क्षयावर गोळ्या नव्हत्या तेव्हा उजेड, मोकळी हवा आणि सकस जेवण हाच उपचार होता. तिथे मंगल कार्यालय काढून खाली फॉल्स सीलिंग ठोकलं की दगड राहतो, हॉस्पिटल जातं. कायद्यावर भिस्त ठेवू नका. जुन्या स्मारकांसाठीच्या केंद्राच्या कायद्यात वास्तू शंभर वर्षांची असण्याची अट आहे, आणि ती भरली तरी तालुक्याच्या गावातल्या ओपीडीसाठी दिल्लीला खेटे कोण घालणार?

हे सगळं गोड वाटू नये म्हणून सांगतो. वडिलांचा पगार सरकारी कंपाउंडरच्या निम्मा होता आणि पेन्शन शून्य. तो दाखला अजून मिळालेला नाही.

तुमच्या गावात असं रजिस्टर सापडलं तर दिवसाच्या उजेडात मोबाइलवर पानन् पान काढून ठेवा. नेटवर टाकू नका, त्यात बायकांची नावं आणि त्यांचं दुःख आहे. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप तर अजिबात नको. मी शहाणपणा करून चांदोरीच्या पानाला लावली, आता तिथे पिवळा डाग पडलाय आणि 'माफ' वाचता येत नाही.