कुत्रा बाहेर अंगणातच राहतो. थंडी-पावसासाठी त्याचं घर कसं असावं?

मोठं करू नका, ही चूक बहुतेक जण करतात. कुत्रा स्वतःच्या अंगच्या उबेवरच आतली हवा गरम करतो. उभं राहता, वळता, पसरून झोपता आलं की माप पुरे. तळ जमिनीपासून चारेक इंच वर, दार वारा येतो त्याच्या उलट बाजूला. आत जुनं पांघरूण नको, ओलं झालं की तेच ऊब ओढून घेतं. कोरडा पेंढा घाला आणि अधूनमधून हात खुपसून बघा. दमट लागला की बदला.

उन्हाळ्यात मात्र हेच खोकं भट्टी होतं, तेव्हा झाडाची सावली आणि भरपूर पाणी बरं. धाप थांबेना, तोल जाऊ लागला तर अंगावर गार पाणी ओतत लगेच डॉक्टर गाठा.

पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा असेल तर कडाक्याच्या थंडीत सरळ घरातच घ्या.