यादीचे क्रमांक वर्डने घालावेत की हाताने?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. वर्डमध्ये यादीला आपोआप क्रमांक दिले की ते मध्येच पुन्हा १ पासून सुरू होतात, आणि मराठी अंक हवे असताना इंग्रजी येतात. म्हणून क्रमांक हातानेच टाइप करावेत का, असे तुम्ही विचारले आहे. करू नयेत. हे इतक्या ठामपणे सांगते, कारण याच मुद्द्यावरून एका वकिलांच्या कार्यालयात मी सात-आठ वर्षे बोलणी खाल्ली, आणि ज्या चुकीबद्दल खाल्ली ती चूक यादीची नव्हतीच.

पहिली तक्रार चटकन मिटते. दुसऱ्या फाइलमधून परिच्छेद उचलून आणला की तो आपली मूळची यादी सोबत घेऊन येतो आणि तुमच्या यादीत पाहुण्यासारखा वेगळा बसतो. त्याच्या क्रमांकावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘कंटिन्यू नंबरिंग’ निवडावे. एकाच मुद्द्यात नवी ओळ हवी असेल तर नुसते एंटर न दाबता शिफ्ट-एंटर दाबावे, म्हणजे नवा क्रमांक उगवणार नाही. दुसरी ओळ पहिलीच्या खाली आणण्यासाठी स्पेसबार बडवणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

आता मूळ गोष्ट. २००९ साली आमच्याकडे वाटपाचा एक दावा होता. थोरल्या भावाने परस्पर साठेखत, म्हणजे जमीन पुढे विकण्याचा करार, करून दिले होते, दुसऱ्या दिवशी खरेदीखत होणार अशी कुणकुण लागली होती, त्यामुळे सकाळी अकराच्या आत दावा दाखल करून तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्यायचा होता. दाव्याच्या परिच्छेदांना आमच्याकडे कलमेच म्हणतात. ती २७ होती, मी त्यांना वर्डची यादी लावली होती आणि फाइल संध्याकाळी सहालाच तयार होती. रात्री साडेआठला पक्षकार धावत आले आणि आईने हयातीत करून दिलेल्या हक्कसोडपत्राची नक्कल त्यांनी साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी उभ्या उभ्या नवे कलम सांगितले, मी ते सातव्याच्या खाली टाइप केले, पुढची सगळी कलमे एकेकाने सरकली, २७ ची २८ झाली. मला धन्य वाटले.

जे सरकले नाही ते मजकुराच्या पोटात होते. विनंतीच्या कलमात मी हाताने लिहिले होते, ‘वर कलम ११ मध्ये नमूद केलेले साठेखत वादीवर बंधनकारक नाही असे ठरवून मिळावे.’ साठेखत आता कलम १२ मध्ये गेले होते आणि कलम ११ मध्ये आईच्या मृत्यूची तारीख आली होती. त्याहून वाईट गत सत्यापनाची, म्हणजे दाव्यातील मजकूर खरा असल्याचे जे लिहून द्यावे लागते त्याची, झाली. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ६ नियम २ प्रमाणे कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) असो वा दावा, परिच्छेदांना ओळीने क्रमांक द्यावे लागतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण नियम १५ प्रमाणे सत्यापन करणाऱ्याने कोणता मजकूर स्वतःच्या माहितीने खरा आहे आणि कोणता दुसऱ्याकडून मिळालेल्या व आपण खऱ्या मानलेल्या माहितीवरून, हे त्या क्रमांकांच्या आधारेच सांगावे लागते, याकडे टाइप करणाऱ्याचे लक्ष नसते. आमच्या सत्यापनात ‘कलम १ ते २२ मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे व कलम २३ ते २७ मधील मजकूर मिळालेल्या कायदेशीर सल्ल्याप्रमाणे खरा आहे’ असे होते. म्हणजे दाव्यास कारण केव्हा घडले हे सांगणारे जुने २२ वे कलम एका रात्रीत कायदेशीर सल्ला बनले, आणि २८ व्या कलमाला वालीच उरला नाही.

मनाई मिळाली, आणि क्रमांकांची ही चूक तेव्हा कोणाच्या नजरेस आली नाही. ती आली प्रतिवादीच्या कैफियतीतून. कलम ११ मध्ये कोणतेही साठेखत नमूद नाही, तेथे वादीच्या आईच्या मृत्यूची तारीख आहे आणि ती प्रतिवादीस मान्य व कबूल आहे, असे त्यांच्या वकिलांनी लिहून दिले. दुरुस्तीचा अर्ज करावा लागला, तो ५०० रुपये खर्च भरण्याच्या अटीवर मंजूर झाला, आणि आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ कारकून, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, त्यांनी त्याच दिवशी निकाल दिला: ‘ताई, यंत्राच्या आकड्यावर दावा उभा करायचा नाही. आकडा ज्याचा त्याने टाकायचा.’ अण्णा टाइपरायटरवर शिकले होते. तेथे आकडा टाकायला दुसरे कोणी नसतेच. पुढे मी ते कार्यालय सोडेपर्यंत प्रत्येक दाव्याचे क्रमांक हाताने पडले.

माझे म्हणणे तेव्हा कोणी ऐकून घेतले नाही, ते येथे सांगते. त्या दाव्यात वर्डने घातलेले २८ च्या २८ क्रमांक बरोबर होते. चुकले ते फक्त मी हाताने टाइप केलेले. अण्णांनी गुन्हेगार सोडून साक्षीदाराला शिक्षा केली. त्यांच्याच हाताने क्रमांक घातलेल्या एका दाव्यात पुढे १७ वे कलम दोनदा आले होते, पण त्यावर कार्यालयात कोणी चकार शब्द काढला नाही.

उपाय त्याच वर्डमध्ये होता, मला तो माहीत नव्हता, एवढाच माझा दोष. ‘रेफरन्सेस’ या टॅबमध्ये ‘क्रॉस-रेफरन्स’ आहे. त्यात प्रकार म्हणून ‘नंबर्ड आयटम’ निवडला की दाव्यातील सगळ्या कलमांची यादी समोर येते, हवे ते कलम निवडायचे आणि ‘पॅरेग्राफ नंबर’ घालायचा. मजकुरात ११ उमटतो, पण तो टाइप केलेला ११ नसतो. त्यावर क्लिक केले की मागे करडी छटा दिसते. नवे कलम घातल्यावर कंट्रोल-ए आणि मग एफ९ दाबले की ११ चा १२ होतो, सत्यापनातील २२ चा २३ होतो. एफ९ दाबावेच लागते, ते आपोआप होत नाही, हे मी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवले होते. लिब्रेऑफिसमध्येही हीच सोय ‘इन्सर्ट’ मेनूतील ‘क्रॉस-रेफरन्स’ मध्ये ‘नंबर्ड पॅरेग्राफ्स’ या नावाने आहे. थोडक्यात, क्रमांक यादीचे ठेवायचे आणि उल्लेख हाताचे, ही अर्धवट युती करू नका.

मराठी अंकांचे राहिले. ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’ मध्ये अंकांची शैली निवडता येते. ऑफिसमध्ये संपादनाची भाषा म्हणून मराठी किंवा हिंदी जोडलेली असेल तर तेथे १, २, ३ मिळतात. पोटमुद्द्यांसाठी मात्र आपल्या कोर्टात ज्या अ, ब, क, ड ची रीत आहे ती मला त्या यादीत कधी सापडली नाही. मिळकतीच्या वर्णनात गट क्रमांकांपुढे अ, ब, क मी हातानेच टाकत आले. मिळकती सहसा मागाहून वाढत नाहीत, म्हणून ते निभावले.

एक-दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. ज्या कलमाचा उल्लेख केला ते कलमच खोडले, तर एफ९ नंतर त्या जागी चूक झाल्याचा इंग्रजी संदेश येतो आणि तसाच छापलाही जातो, त्यामुळे छापण्यापूर्वी ‘एरर’ हा शब्द शोधून पाहावा. दुसरे, तुमची फाइल युनिकोडपूर्व फाँटातली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्या फाँटांत इंग्रजी 1 च्या जागी १ चे चित्र बसवलेले असते, म्हणून यादीचे क्रमांक मराठी दिसतात. अशी फाइल युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर टाइप केलेला मजकूर बदलतो, पण यादीचा क्रमांक हा मजकूर नसल्यामुळे तो त्याच्या हाती लागत नाही, आणि नव्या फाँटात क्रमांक इंग्रजी होऊन बसतात. तुमची दुसरी तक्रार बहुधा हीच असावी. येथे हाताने टाइप केलेले क्रमांक नीट बदलले असते, एवढे अण्णांच्या बाजूने लिहायला हवे. मात्र यादीची अंकशैली एकदा बदलली की २८ च्या २८ क्रमांक एका फटक्यात मराठी होतात, हेही त्यांना कळवले पाहिजे.