सदरलँड धबधबा मिलफर्ड साउंडच्या बोटीतून दिसतो का?

न्यूझीलंडला जाताय, मिलफर्ड साउंड या डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीतली बोट ठरलीय, त्यातच सदरलँड धबधबा उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही उरकणार. बोटीतून दिसतात ते बोवेन आणि स्टर्लिंग हे धबधबे, दोन्ही साधारण दीडशे-एकशेसाठ मीटरचे. स्टर्लिंगच्या अगदी खाली बोट नेऊन सगळ्यांना न्हाऊ घालतात. सदरलँड मात्र ५८० मीटरचा, आत आर्थर नदीच्या खोऱ्यात, आणि तिथे गाडीरस्ता नाही.

मी मिलफर्ड ट्रॅक चालत गेलो होतो. ५३.५ किलोमीटर, चार दिवस. तिसऱ्या दिवशी मॅकिनन खिंड उतरून क्विंटनच्या निवाऱ्यापाशी पाठपिशवी ठेवायची आणि आडवाटेने धबधब्याकडे निघायचं. जाऊन-येऊन दीडेक तास. गुडघे बोलायला लागलेले असतात, तरी ही वाट सोडू नका. झाडाझाडांवर ओलं शेवाळ लोंबत असतं. पायथ्याशी पोचायच्या आधीच तुषारांचा वारा तोंडावर बसतो. कॅमेऱ्याची काच पुसून पुसून बोटं गारठली, फोटो एकही धड नाही.

पाणी येतं ते वर लपलेल्या क्विल तळ्यातून. हिमनदीने डोंगरात कोरलेला वाडगाच तो. भरला की काठावरून सांडतो आणि तीन टप्प्यांत खाली येतो. विल्यम क्विल १८९० मध्ये धबधब्याच्या कडेने कातळ चढून त्या तळ्यापर्यंत गेला होता. दोर-बिर सोडा, तो कडा बघूनच माझे हातपाय गळाले.

नावाचीही गंमत आहे. १८८० मध्ये डोनाल्ड सदरलँड आणि जॉन मॅके या खोऱ्यात हिंडत होते. वाटेत एक देखणा धबधबा लागला, त्याला नाव कुणाचं द्यायचं म्हणून छापा-काटा केला, असं सांगतात. मॅके जिंकला. पुढचा सदरलँडच्या वाट्याला आला आणि तो निघाला हा!

ट्रॅकचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते एप्रिल. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांना रोज ४० च जागा, बुकिंग उघडल्या उघडल्या संपतं. नाही मिळालं तर मिलफर्डहून किंवा ‘ते आनाऊ’ या गावाहून छोट्या विमानाची फेरी घ्या. तळं आणि धबधबा एका नजरेत फक्त वरूनच दिसतात. पण तिथे वर्षाला सहा मीटरच्या वर पाऊस पडतो, उड्डाणं रद्द होतात, तेव्हा एक दिवस हाताशी राखा. आणि सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट न्याच.