आठवा नंबर

प्रिय पोट्ट्या,

जिल्ह्याच्या पंधराशे मीटरच्या शर्यतीत आठवा आला, अन् त्या दिवसापासून पांदणीवर फिरकला नाहीस. वेचणीचं कारण सांगू नको. दव वाळल्याशिवाय कापसाला कोणी हात लावत नाही, अन् आपली प्रॅक्टिस त्याच्या कितीतरी आधी आटोपते.

अमेरिकेत कॅन्सस नावाचं राज्य आहे. आपल्यासारखंच सपाट, फक्त पऱ्हाटीच्या जागी गहू. तिथल्या विचिटाचा जिम रायन. चर्चच्या बेसबॉल टीममध्येसुद्धा टिकला नाही. पहिल्यांदा घड्याळ लावून मैल धावला तेव्हा ५ मिनिटं ३८ सेकंद लागले. मैल म्हणजे १६०९ मीटर, पोलीस भरतीच्या सोळाशेहून थोडासाच जास्त. आपल्या गावची भरतीची पोरं याहून जोरात पळतात बाप्पा!

त्याचे कोच बॉब टिमन्स यांनी मात्र त्याच्या डोक्यात भरवलं, की शाळेत असतानाच तू चार मिनिटांच्या आत मैल मारशील. ५ जून १९६४ला, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनला, सतराव्या वर्षी त्यानं ३:५९.० लावले. तोवर एकाही शाळकरी पोराला ते जमलं नव्हतं.

त्या शर्यतीत कितवा आला माहीत आहे? आठवा. पुढचे सातही चारच्या आतच होते. म्हणून तर हाही ओढला गेला.

पुढच्या वर्षी ३:५५.३. हा शाळकरी विक्रम थेट २००१मध्ये ॲलन वेबनं मोडला. १९६६मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ३:५१.३चा जागतिक विक्रम. १९६७पर्यंत आणखी दोन शाळकरी पोरांनी चार मिनिटं फोडली. एकाला जमलं म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपते. पुढे रायननं कित्येक वर्षं पोरांसाठी धावण्याची शिबिरं घेतली.

आता तुझं. माझ्या वहीत आहे: पावसाळ्यात ४:५८, परवा ४:४१. सतरा सेकंद कमी, तेही मागच्या गल्लीत अडकून. चूक एकच. पहिले चारशे मीटर ६८ सेकंदांत फेकले अन् तिसऱ्या चारशेत पाय जड झाले. रायन चारशेचे चाळीस-चाळीस रिपीट (तेच अंतर पुन्हापुन्हा) मारायचा असं कुठं वाचशील, तर नक्कल करू नको. अठरा वर्षांखालच्या पायाची नळी धरली की कित्येक आठवडे घरी. आपले सहा पुरे, प्रत्येक ७५मध्ये, मधात दोनशे मीटर हळू जॉगिंग.

सोमवारी साडेपाचला पांदणीच्या तोंडाशी ये. स्टॉपवॉचचा सेल मी बदलून ठेवतो.

तुझा,
सर