दिवाळीच्या सुट्टीत चार वर्षांच्या मुलीला घेऊन एक दिवस शेतावर जायचे आहे. पुण्याजवळ हुरडा कुठे मिळेल?

हुरडा मिळणार नाही. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि ती हुरड्यात यायला डिसेंबर उजाडतो. दिवाळीत मावळ-मुळशीकडे भाताची कापणी चालू असते. मुलीला ती दाखवावी.

माझे चुलते मावळात इंद्रायणी भात लावतात. हा वाण वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रातून १९८७ साली आला, हे ते प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही चार वर्षांच्या मुलाला तिकडे न्यायचे ठरवले, तेव्हा माझ्या थोरल्या बंधूंनी कापणीच्या गडबडीत पोरांना नेणे म्हणजे कामाचा खोळंबा, असे सांगून जोरदार विरोध केला. प्रत्यक्षात चिरंजिवांनी कोणाचाही खोळंबा केला नाही. खळ्यावर पेंढ्या झोडण्याचे काम चालू होते, काकू सुपाने भात वारवत होत्या, पळंज म्हणजे पोकळ दाणे वाऱ्यावर उडत होते आणि हा एका कोपऱ्यात बसून नखाने एकेक दाणा सोलत होता. तासाभराच्या खटपटीनंतर त्याने अकरा तांदूळ पळसाच्या पानावर ठेवून काकूंकडे नेले आणि ते शिजवायला सांगितले. तांदूळ पांढरे नसून तांबूस का, हा प्रश्नही त्यानेच विचारला. कोंडा आणि गिरणी यांबद्दल त्याला जे कळले ते तिथेच कळले. काकूंनी ते अकरा दाणे घरच्या तांदळात मिसळून टाकले. पानावर नव्या तांदळाचा आसट भात आला, तेव्हा त्यातले आपले दाणे कोणते हे ओळखता येईना, म्हणून त्याने जे रडणे आरंभले ते कामशेत मागे पडेपर्यंत थांबले नाही. बंधू आजही हे रडणे पुरावा म्हणून सांगतात. माझ्या मते तो पुरावा माझ्या बाजूचा आहे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. भाताच्या पात्याला धार असते आणि कुसळ अंगाला लागते. त्या रात्री मुलाच्या हातापायांवर चट्टे उठले आणि पत्नीने मला पुष्कळ ऐकवले. मुलीला पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घालावेत. उंदरांमागे घोणस खाचरात येते, त्यामुळे बांधावरच्या गवतात किंवा रचलेल्या भाऱ्यांजवळ तिला एकटी सोडू नये.

गावाकडे आपले कोणी नसेल आणि कृषी पर्यटन केंद्रच निवडावे लागले, तर फोनवर एवढेच विचारावे की त्या आठवड्यात शेतात कोणते काम चालू असेल. उत्तरात बैलगाडी आणि पोहण्याचा तलाव आला तर दुसरीकडे फोन लावावा. बंधूंच्या मुलांनी बैलगाडीचा फेरा आजवर तीन वेळा मारला आहे; बैलाला पुढे काय खायला घालतात, ते त्यांना अजून ठाऊक नाही.