खानापूर भागातील कुंभारकाम केंद्र पाहायला कोणत्या हंगामात यावे?

आपण विचारले आहे की पुण्याहून दोन मुलांना घेऊन बेळगाव-खानापूर भागातले मातीकामाचे केंद्र पाहायला कधी यावे, वर्षभरात तिथे कोणते कार्यक्रम होतात आणि मुलांना चाकावर बसू देतात का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. डिसेंबर ते मार्च या काळात कधीही या, आणि पावसाळ्यात, विशेषतः कोणी खास ‘पावसाळी कार्यक्रम’ म्हणून बोलावले असेल तर, अजिबात येऊ नका. इथेच थांबलो असतो, परंतु खानापूर तालुक्यातल्या अशाच एका लहान केंद्रात मी अकरा वर्षे चाकावर बसलो आहे आणि ‘कार्यक्रम’ हा शब्द वाचला की मला २०१८ सालची नागपंचमी आठवते.

कुंभाराचे वर्ष मुळात सणांनीच बांधलेले असते, त्यामुळे त्याच्यासाठी निराळे कार्यक्रम आखावे लागत नाहीत. संक्रांतीआधी सुगडी, माघापासून माठ आणि घागरी, उन्हाळ्यात ज्या गावाची महालक्ष्मी यात्रा असेल त्या गावाची मागणी, पुढे गणपती, घटस्थापनेचे घट आणि अखेरीस दिवाळीच्या पणत्या, असा तो क्रम आहे. दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत येऊ नये, कारण त्या दिवसांत तुमच्याशी बोलायला कोणी मान वर करणार नाही. पुण्याकडे सहसा पाहायला न मिळणारी गोष्ट म्हणजे ज्येष्ठ अमावास्येचे मातीचे बैल. कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेला, खरे बैल सजवून मिरवतात आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी मातीच्या बैलांची जोडी घरात पुजतात. कन्नडमध्ये या दिवसाला मण्णेत्तिन अमावास्या म्हणतात. मण्णु म्हणजे माती आणि एत्तु म्हणजे बैल. आमच्या गल्लीत मराठी घरांतूनही ही जोडी पुजली जाते आणि त्यात कोणालाच काही वेगळे वाटत नाही. हे बैल भाजायचे नसतात. ओल्या गोळ्याला चार पाय काढायचे, चिमटीत धरून वशिंड वर ओढायचे आणि डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे दाबायचे, एवढ्यात बैल उभा राहतो. तेव्हा पावसाळ्यात येऊ नका या माझ्या सांगण्याला हा एक दिवस अपवाद समजा.

आता ती नागपंचमी. त्या वर्षी ती नेमकी १५ ऑगस्टला आली होती. आण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा केंद्रात येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था पाहत असे. सुट्टीचा दिवस, जांबोटी-कणकुंबीकडचे धबधबे पाहायला बेळगावहून निघालेल्या गाड्या, गोव्याकडून चोर्ला घाट चढून येणारी मंडळी, हे सगळे हेरून त्याने दुपारी तीन वाजता ‘भट्टी उघडण्याचा सोहळा’ ठेवला आणि तालुक्यातल्या एका वजनदार माणसाला पाहुणा म्हणून बोलावले. भट्टीत एका गोव्याच्या हॉटेलसाठी केलेल्या तीनशे हंड्या होत्या. पावसाळ्यात हंडी वाळवणे म्हणजे काय ते ज्याने केले आहे त्यालाच कळेल. हिवाळ्यात तीन-चार दिवसांत वाळणारे भांडे श्रावणात पंधरवडा घेते. ते माळ्यावर ठेवायचे, चुलीच्या उबेला फिरवायचे, तळाकडून ओल राहिली आहे का ते गालाला लावून पाहायचे. गालाला गार लागले तर आत अजून पाणी आहे असे समजावे. या तीनशे हंड्या मी आणि आईने जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून अशा गालाला लावून पाहिल्या होत्या.

भट्टी १२ तारखेला पेटवावी असे माझे म्हणणे होते. आधी रात्रभर मंद धग, धुरातले पाणी संपेपर्यंत घाई नाही, मग दिवसभर मोठा जाळ आणि नंतर दोन दिवस दार लिंपलेले ठेवून निवू देणे, असा आमच्या भट्टीचा हिशेब होता. परंतु लाकडाची गाडी पावसात अडकली, ती १३ तारखेला संध्याकाळी आली आणि मोठा जाळ बंद व्हायला १४ तारखेची रात्र झाली. मी आण्णाला सांगितले की सोहळा १७ तारखेला घे. तो म्हणाला की पाहुणा १७ तारखेला बेंगळुरूला जाणार आहे. आईने निराळाच मुद्दा काढला. नागपंचमीला चिरायचे नाही, भाजायचे नाही, माती खणायची नाही, आणि तुम्ही पेटलेली भट्टी उघडायला निघालात. आप्पा, म्हणजे आमचे वडील, ओसरीवर बसले होते. ते आयुष्यात आण्णाला फारसे काही बोलले नाहीत, परंतु त्या दिवशी एवढेच म्हणाले, “भट्टी पाव्हण्याचं घड्याळ बघून निवत न्हाई.”

तीन वाजता दाराच्या विटा काढायला सुरुवात झाली. बाहेर बारीक पाऊस आणि वारा होता, रंगीत रेनकोट घातलेली साठ-सत्तर माणसे मोबाइल वर धरून उभी होती. तिसऱ्या थरातली वीट काढताच आतली ऊब तोंडावर आली आणि उलट दिशेने गार वारा आत शिरला. क्षणभर काहीच झाले नाही. मग आतून ‘टिक्’ असा आवाज आला, थोड्या वेळाने आणखी एक, आणि नंतर तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे एकापाठोपाठ एक आवाज येऊ लागले. पाहुण्यांना वाटले की हा सोहळ्याचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंडातून शब्द न काढता काढलेल्या विटा परत बसवू लागलो, तर एका बाईंनी मला थोडे बाजूला व्हायला सांगितले, कारण त्यांच्या चित्रीकरणात मी मध्ये येत होतो.

त्या रात्री कंदील घेऊन मी एकेक हंडी बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. चांगली हंडी खणखणीत वाजते आणि चीर गेलेली बद्द वाजते. चीर केसाएवढी असली आणि डोळ्यांना दिसत नसली तरी कानाला ती लपत नाही. तीनशेपैकी एकशे बारा हंड्या बद्द वाजल्या. हॉटेलवाल्याने उरलेल्या घेतल्या, परंतु पुन्हा मागणी दिली नाही. आई आजही म्हणते की नागपंचमीला भट्टी उघडली म्हणून हे झाले. मी म्हणतो की ती निवली नव्हती म्हणून झाले. जळत्या मातीतली वाळू सुमारे ५७३ अंशांना एकदम फुगते आणि निवताना त्याच टप्प्यावर एकदम आकसते, आणि त्याच्या खालीही भांड्याचा एक भाग गार व दुसरा गरम राहिला की चीर जाते. हे मी पुढे प्रशिक्षणात शिकलो. आप्पांना तो आकडा ठाऊक नव्हता, परंतु दार कधी काढायचे ते ठाऊक होते.

त्यानंतर माझा आणि आण्णाचा जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. त्याचे म्हणणे असे की भांडी विकून केंद्र चालत नाही, शाळांच्या सहली चालवतात. एका मुलामागे पन्नास रुपये धरले तर पन्नास मुलांची एक बस अडीच हजार रुपये देऊन जाते, आणि तेवढे पैसे पणत्यांतून काढायला किती पणत्या थापाव्या लागतात ते तूच मोज, असे तो मला सुनावतो. हिशेब बरोबर आहे. परंतु ती पन्नास मुले चाळीस मिनिटांत काय पाहतात? मोटरचे चाक गरगर फिरते, एक भांडे वर येते, गुरुजी टाळ्या वाजवायला सांगतात आणि बस हळशीला निघून जाते. तिथल्या कदंबकालीन भूवराह-नरसिंह मंदिरापुढे तीच मुले आणखी वीस मिनिटे काढतात. चाकाकडे एवढी नजर लावून पाहणाऱ्या मुलांपैकी एकाही मुलाला कोणी विचारत नाही की ही माती कुठल्या तळ्यातली आहे, तिच्यात राख का मिसळतात, थापी बाहेरून मारताना आत दगडी गुंडा का धरतात. माझ्या मते पाहुणा हा केंद्राच्या कामात येऊन बसणारा माणूस असावा, आणि केंद्राचे काम पाहुण्याच्या सुट्टीत बसवले की ते काम राहत नाही, नाटक होते. हे आण्णा वाचत असेल तर वाचो.

म्हणून आपल्याला एक साधी कसोटी देतो. येण्याआधी केंद्राला फोन करून एवढेच विचारा की येत्या महिन्यात भट्टी कधी उघडणार. “बहुधा अमुक तारखेला, परंतु पावसावर आणि लाकडावर अवलंबून आहे” असे उत्तर आले तर निःशंक या आणि एक दिवस जास्तीचा हाताशी ठेवा. “तुम्ही कधी येणार ते सांगा, त्या दिवशी उघडू” असे उत्तर आले तर त्या केंद्राकडे जाऊ नका. त्यापेक्षा मुलांना घेऊन कणकुंबीला मलप्रभा नदीचा उगम पाहा, तो तरी कोणासाठी वेळ बदलत नाही. अडचण पावसाळ्याच्या सुट्टीचीच असेल आणि हस्तकलाच पाहायची असेल, तर जिल्ह्यातले हुदली हे गाव सुचवीन. १९३७ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन तिथे भरले होते, गांधीजी स्वतः आले होते, आणि ‘कर्नाटकाचे खादी भगीरथ’ म्हणवले गेलेले गंगाधरराव देशपांडे यांच्यामुळे त्या गावाचे नाव खादीशी जोडले गेले. सूतकताई आणि विणकाम छपराखाली चालते, त्याला उन्हाची गरज नसते. अथणीच्या चपलांचे मात्र पावसाळ्यात मातीसारखेच हाल होतात, कातडे वाळत नाही.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या आता लिहितो. वर सांगितलेला प्रकार लाकडावर चालणाऱ्या साध्या भट्टीचा आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी मोठी संस्था खानापुरातच आहे आणि मी ज्या केंद्राबद्दल लिहितो आहे ते ती संस्था नव्हे. वीज किंवा गॅसची भट्टी असेल तर पावसाचा प्रश्न निम्माच उरतो, घाईने निववण्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो. शिवाय मी २०२० नंतर ते केंद्र सोडले आहे आणि घरीच चाक टाकले आहे, त्यामुळे माझ्या बोलण्यात राग मिसळलेला असू शकतो. हेही मान्य केले पाहिजे की पाहुणे येणे पूर्ण बंद झाले त्या टाळेबंदीच्या उन्हाळ्यात आमचे माठ अंगणात रांगेने पडून राहिले, आणि तेव्हा आण्णानेच सहलींच्या शिल्लक पैशांतून दोन कारागिरांचे पगार दिले. तरीही हंड्यांच्या बाबतीत तो चुकलाच होता.

राहिला चाकाचा प्रश्न. सात-आठ वर्षांखालच्या मुलांना मोटरच्या चाकावर बसवू नका, गोळा मध्यावर बसवण्याइतके बळ त्यांच्या मनगटात नसते आणि पाच मिनिटांत रडारड होते. त्यांच्या हाती नुसता गोळा द्या, अंगठ्याने खोल दाबून बोळके करायला सांगा. मोठ्या मुलाला बसवणार असाल तर नखे कापून आणा, हातातले कडे-अंगठी काढून ठेवा आणि पांढरे कपडे घालू नका, आमच्या लाल मातीचा डाग सहजासहजी निघत नाही. मुलाने केलेले भांडे त्याच दिवशी गाडीत घेऊन जाण्याचा हट्ट करू नका. कच्चे बोळके पुण्यापर्यंत कदाचित धड पोचेल, परंतु त्यात पाणी घातले की पुन्हा चिखल होईल. त्यापेक्षा ते ओले असतानाच तळाला काडीने मुलाचे नाव कोरा आणि केंद्रात ठेवून जा. पुढची भट्टी लागेल तेव्हा ते भाजले जाईल, निवेल आणि मग कोणी बेळगावहून पुण्याला येणारा असेल त्याच्याकडून मागवून घ्या. हिवाळ्यात याला तीन आठवडे धरा. आमच्या केंद्राच्या मागच्या खोलीत अशा नाव कोरलेल्या, भाजून तयार असलेल्या आणि कोणी न्यायला न आलेल्या बोळक्यांची एक अख्खी फळी भरलेली होती.